रविवार मिळाला, बोटाचं काय?

आजच्या भागाची सुरुवात एका बोटापासून करतोय.

माझा काका भोसरीत पॉवर प्रेसवर होता. पत्रा डायखाली सरकवायचा, पेडल दाबायचं, तुकडा काढायचा, बस. एका रात्रपाळीत उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली. मशीनचा सेन्सर बंद होता, कारण तो चालू असला की माल कमी निघतो. काकाचं नाव ईएसआयमध्ये चढलं तेसुद्धा अपघातानंतर. कित्येक महिन्यांनी कागद हातात आला. त्यावर लिहिलेलं: अपंगत्व 14 टक्के.

मी तेव्हा अकरावीत होतो. हे 14 कुठून आले, हा प्रश्न डोक्यातून जाईना.

त्यासाठी जरा मागे जाऊ, 1884च्या मुंबईत. नारायण मेघाजी लोखंडे हे नाव तुम्ही व्हॉट्सॲपवर वाचलं असेल, 'रविवारची सुट्टी देणारे' म्हणून. ते सत्यशोधक आणि 'दीनबंधू'चे संपादक. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि फॅक्टरी कमिशनसाठी एक अर्ज तयार केला. सह्या साडेपाच हजार. त्यात रविवार होता, दुपारची अर्धा तास विश्रांती होती, वेळेवर पगार होता. फॉरवर्डमध्ये कधी न येणारी मागणीही होती: काम करताना जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या, आणि कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करा.

गिरणीत तेव्हा छताखाली लांबलचक शाफ्ट फिरायचा आणि त्यावरून चामड्याचे पट्टे प्रत्येक यंत्रापर्यंत उतरायचे. धोतराचा सोगा अडकला की माणूसच ओढला जायचा. 1881च्या फॅक्टरी कायद्याने धोक्याच्या यंत्रांना कुंपण घाला असं सांगितलं होतं, पण ते 100 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांनाच. आणि हात गेल्यावर काय, यावर तो कायदा गप्प होता.

रविवार 1890मध्ये मिळाला. नुकसानभरपाईचा कायदा आला 1923मध्ये, लागू झाला 1 जुलै 1924ला. म्हणजे लोखंड्यांच्या अर्जानंतर जवळजवळ 40 वर्षांनी. आणि आला तो कसा? पूर्ण पगार नाही, अर्धा. तोही पहिले दहा दिवस सोडून.

या कायद्याला एक तक्ता जोडलेला होता, त्यात शरीराचे भाव. उजवा हात कोपरातून गेला तर 70 टक्के, डावा 60. एक डोळा 30. अंगठा 25. तर्जनी 10, बाकीचं कुठलंही बोट 5. हे टक्के 42 महिन्यांच्या पगारावर काढायचे. समजा पगार 30 रुपये, तर तर्जनीचे झाले 126 रुपये, एकदाच. पुढे तक्ता सुधारला आणि तर्जनी 14वर गेली. काकाचे 14 ते हेच!

त्याच कायद्यात एक पोटकलम होतं, ते वाचून मी थांबलो. सुरक्षेसाठी बसवलेलं साधन कामगाराने स्वतः मुद्दाम काढलं असेल, तर मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व सोडून बाकी इजांना भरपाई नाही. आता सांगा, काकाच्या प्रेसचा सेन्सर कोणी बंद केला होता? काका म्हणतो, सुपरवायझरने. मालक म्हणाला, ऑपरेटरने. लेखी कुठेच काही नाही. 1924मध्ये गिरणीतल्या माणसाकडे तरी लेखी काय असणार होतं?

आज ईएसआय असेल तर जखमी असेपर्यंत साधारण 90 टक्के पगार मिळतो, अर्ध्यापेक्षा खूप बरं. पण आधीच नाव चढलेलं असणं बरं. कंपनीत लागला असाल तर तुमचा ईएसआय नंबर आजच मागून घ्या, अपघाताच्या दिवशी नको.

काका सध्या दुसऱ्या एका शेडवर वॉचमन आहे. पेन मधल्या बोटात धरून रजिस्टर लिहितो. रविवारी ड्युटी असते, म्हणून हा भाग त्याला सोमवारी ऐकवणार आहे.