मोतमाउलीचा हात

जालन्याच्या ख्रिस्ती इतिहासावर ठसा आहे तो स्कॉटिश मिशनच्या रेव्हरंड नारायण शेषाद्रींचा. शहराजवळ त्यांनी बेथेल हे गाव वसवले. या प्रोटेस्टंट परंपरेत मरियेच्या मूर्तीला स्थान नाही. त्यामुळे तशी मूर्ती मी प्रथम पाहिली ती मुंबईत, वांद्र्याच्या टेकडीवर. कोळी तिला ‘मोतमाउली’ म्हणतात. पोर्तुगीज ‘मोंत’ म्हणजे डोंगर. ‘माउली’ मात्र आपली, गोदाकाठच्या आपेगावच्या ज्ञानोबांना आपण ज्या शब्दाने हाक मारतो तीच.

ही मूर्ती जेझुइटांनी सोळाव्या शतकात आणली असे मानतात. १७०० मध्ये अरबी चाच्यांनी हातातली सोनेरी वस्तू मिळवण्यासाठी मूर्तीचा उजवा हात तोडला. पुढे १७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांची साष्टी-वसईची मोहीम झाली. तिच्या धामधुमीत, १७३८ साली, टेकडीवरचे प्रार्थनामंदिर उद्ध्वस्त झाले. मूर्ती समुद्रात गेली, एका कोळ्याला स्वप्नात दिसली आणि मग त्याच्या जाळ्यात सापडली, असे कोळी सांगतात.

चिमाजी अप्पांच्या वसई-विजयाचा अभिमान आपण शाळेपासून बाळगतो. टेकडीवरचे मंदिर त्या गोष्टीत येत नाही. मलाही ते पन्नाशीला आल्यावर कळले, आणि कळल्यावर वाईट वाटले. पण तारखा पुढे लावल्या तेव्हा आणखी एक गोष्ट हाती आली. मंदिर पुन्हा उभे राहिले ते १७६० च्या सुमारास. साष्टी इंग्रजांनी घेतली १७७४ मध्ये. म्हणजे माउलीचे घर पुन्हा बांधले गेले तेव्हा तिथे अंमल पेशव्यांचाच होता. मोडल्याची आठवण ठेवायची, तर उभारल्याचीही ठेवायला हवी.

आजची वास्तू १९०४ ची. १९५४ मध्ये तिला बॅसिलिकेचा दर्जा मिळाला. ८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिवस. त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा भरते. हिंदू, मुसलमान, पारशी सगळेच येतात. जो अवयव दुखतो त्या आकाराची मेणबत्ती वाहतात. त्यात मेणाचे हातही असतात.

जिचा स्वतःचा हात तुटला, तिच्यापुढे लोक हात बरा व्हावा म्हणून उभे राहतात. कोणत्या फौजेने काय मोडले, हे त्या रांगेत कोणी विचारत नाही. ते विचारण्याचे काम इतिहास लिहिणाऱ्याचे.