बियाण्याच्या पिशवीवरील नांव

‘जालना, सोनेका पालना’ ही म्हण मराठवाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कुंडलिका नदीच्या कांठीं वसलेलें हें गांव निजामी अमदानींत व्यापाराचें मोठें ठाणें होतें. विसावें शतक उजाडण्याच्या सुमारास मनमाडहून हैदराबादेकडे जाणारा लोहमार्ग येथून गेला आणि येथील उलाढालीस जोर आला. मोंढ्यांत गाड्या सुटत, अडत्या पोत्यांतून मूठभर धान्य काढी, तें तळहातावर चोळी, एखादा दाणा दाताखालीं धरी, आणि सौदा ठरे. माल डोळ्यांसमोर असल्यामुळें विकणाऱ्याचें नांव विचारण्याचें फारसें कारण पडत नसे.

याच गांवीं पुढें एक असा धंदा उभा राहिला कीं, ज्याचा माल डोळ्यांनीं पाहून किंवा दातांनीं चावून मुळींच पारखतां येत नाहीं. तो धंदा बियाण्याचा. शुद्ध संकरित ज्वारीचा दाणा आणि भेसळीचा दाणा ओंजळींत सारखेच दिसतात. खऱ्याखोट्याचा निवाडा तीन-साडेतीन महिन्यांनीं शेतांत होतो, आणि तो विरुद्ध गेला तर पैसे परत मिळूनहि उपयोग नसतो. कारण गेलेलें मृगनक्षत्र परत येत नाहीं. म्हणजे बियाणें विकणारा मनुष्य खरोखरी आपला शब्दच विकत असतो. ज्याचें नांव कोणासहि ठाऊक नाहीं, अशा नव्या व्यापाऱ्याच्या शब्दावर शेतकऱ्यानें आपलें सबंध वर्ष कां सोपवावें? जालन्याच्या या धंद्याचा इतिहास म्हणजे या प्रश्नाला मिळत गेलेलें उत्तर होय.

नव्या मालाला गिऱ्हाइक मिळविण्याचा पेंच महाराष्ट्रास अपरिचित नव्हता. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १८८८ सालीं बेळगांवीं सायकलींचा धंदा सुरू केला आणि १९०३ सालीं लोखंडी नांगर घडविला. परंतु लोखंडी नांगरानें जमीन विषारी होते ही समजूत आड आली, आणि पहिले नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं. १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली. १९२० सालीं कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत पोंचविण्यासाठीं ‘किर्लोस्कर खबर’ हें पत्र निघालें. त्याचेंच पुढें ‘किर्लोस्कर’ मासिक झालें. कारखानदारानें गिऱ्हाइकाशीं छापील अक्षरांतून बोलावें, हा परिपाठ महाराष्ट्रांत असा रुळला. तथापि नांगराची गोष्ट एका अर्थीं सोपी होती. एका सकाळीं बैल जुंपून खोल तास पाडून दाखविला, म्हणजे पाहणाऱ्याची खात्री पटे. बियाण्याच्या नशिबीं अशी सकाळ नसते.

जालन्याच्या धंद्याचे प्रवर्तक बद्रीनारायण बारवाले यांचा जन्म १९३१ सालीं हिंगोलीस झाला. ऐन तारुण्यांत ते हैदराबाद मुक्तिसंग्रामांत उतरले. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट संपली, तेव्हां ते अवघे सतरा वर्षांचे होते. पुढें जालना हीच त्यांची कर्मभूमि झाली. त्या काळीं बियाणें ही विकत घेण्याची वस्तूच नव्हती. सुगीच्या वेळीं शेतकरी टपोरीं कणसें निवडून बाजूस ठेवी. घरची लक्ष्मी राख व कडुनिंबाचा पाला घालून तें बीं कणगींत किंवा मडक्यांत जपून ठेवी. ज्याचें बीं दुष्काळांत खाऊन संपे, तो शेजाऱ्याकडून अथवा सावकाराकडून सवाई-दिढीच्या बोलीनें आणी. देणारा व घेणारा एकाच वेशीच्या आंतले असत. अशा समाजांत बियाण्याचें दुकान मांडणें म्हणजे नदीच्या कांठीं पाणी विकावयास बसण्यासारखें होतें.

बारवाले यांनीं आरंभ केला तो मोठ्या पिकानें नव्हे, तर भेंडीनें. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडून झाड खुरटण्याचा रोग त्या काळीं माळव्याच्या शेतकऱ्यांस हैराण करीत असे. दिल्लीच्या ‘पुसा’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या भारतीय कृषि संशोधन संस्थेनें या रोगास दाद न देणारा ‘पुसा सावनी’ हा वाण तयार केला होता. त्याचें बियाणें वाढवून विकणें हें जालन्याच्या या व्यवसायाचें पहिलें पाऊल. निवड दिसावयास लहान, पण मोठी मार्मिक होती. भेंडी पेरल्यापासून दीड महिन्याच्या आंत-बाहेर तोडणीस येते. शेजारचा मळा पिवळा पडला असतां आपला हिरवा राहिला, ही गोष्ट कोणाच्याहि नजरेंत भरते. ज्या व्यापाऱ्याला अजून नांव नाहीं, त्यानें आपल्या शब्दाची परीक्षा लौकर आणि सर्वांसमक्ष होईल असा माल निवडावा, हा धडा त्यांत होता. पुढें या वाणाची रोगाशीं झुंजण्याची शक्ति ओसरली. पण तोंवर त्यानें आपलें काम केलें होतें.

देशांतहि याच सुमारास वारें बदलत होतें. १९६१ सालीं संकरित मक्याचे पहिले वाण बाहेर आले, १९६३ सालीं राष्ट्रीय बीज निगम स्थापन झालें, १९६४ सालीं ‘सी. एस. एच. १’ ही पहिली संकरित ज्वारी आणि १९६५ सालीं ‘एच. बी. १’ ही पहिली संकरित बाजरी प्रसृत झाली. संशोधन सरकारी संस्थांचें होतें. परंतु तें खेड्यापाड्यांत पोंचविण्याएवढें बियाणें वाढवावयाचें कोणीं, हा प्रश्न होता. १९६४ सालींच बारवाले यांनीं जालन्यास ‘महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी’ काढली. तिचेंच ‘महिको’ हें आटोपशीर नांव पुढें घरोघर झालें.

संकरित बियाण्याचें मर्म असें कीं, तें दरवर्षीं नव्यानें तयार करावें लागतें. घरचें बीं राखून पुन्हां पेरलें तर पीक एकसारखें राहात नाहीं व उतारा घटतो. ज्वारींत नर-वंध्य मादी वाणाच्या कांहीं ओळी आणि त्यांना पराग पुरविणाऱ्या नर वाणाच्या कांहीं ओळी अशी आळीपाळीनें पेरणी करतात. प्रमाणित बियाण्याच्या शेताभोंवतीं सामान्यतः दोनशें मीटरपर्यंत दुसरी ज्वारी असून चालत नाहीं. आणि फुलोऱ्याच्या दिवसांत रोज सकाळीं शेतांत हिंडून परकें ताट दिसतांच उपटावें लागतें. १९७० सालीं सुरतेच्या संशोधन केंद्रांत डॉ. चंद्रकांत पटेल यांनीं ‘एच-४’ हा संकरित कापूस काढल्यावर तर हें काम आणखीच नाजूक झालें. दुपारनंतर उमलूं पाहणाऱ्या कळींतील पुंकेसर हातानें काढावयाचे, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं दुसऱ्या वाणाच्या फुलाचा पराग तीवर लावावयाचा. हें काम मुख्यतः स्त्रियांच्या हातांनीं होतें. त्या बोटांची सफाई हीच पिशवींतील शुद्धता.

एवढें रान कंपनीपाशीं कोठून असणार? म्हणून बियाणें शेतकऱ्यांच्याच शेतांत, करारानें, वाढविण्याची पद्धत पडली. पायाभूत बियाणें कंपनीचें, जमीन व मेहनत शेतकऱ्याची, देखरेख कंपनीच्या माणसांची, आणि शुद्ध उतरलेल्या मालास बाजारापेक्षां अधिक दर. जालना आणि शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यांतील देऊळगांव राजा हा टापू या कामांत तरबेज झाला. या व्यवस्थेचा एक परिणाम हिशेबाच्या वहींत दिसत नाहीं. ज्या शेतकऱ्यानें स्वतः परकीं ताटें उपटलीं, ज्या घरच्या लेकीसुनांनीं कळ्या खुडल्या, त्या घरास पिशवींत काय आहे हें जाहिरातीनें सांगावें लागत नाहीं. तें घर सोयऱ्याधायऱ्यांस आपण होऊन सांगतें.

शिवाय बियाण्याच्या धंद्यानें प्रात्यक्षिकाची रीत स्वीकारली. ज्याचें शेत रस्त्यास लागून आहे आणि ज्याच्या शब्दास गांवांत मान आहे, अशा शेतकऱ्याच्या रानांत एका बाजूस त्याचा नेहमींचा वाण व दुसऱ्या बाजूस नवा वाण पेरावयाचा, आणि कापणीच्या सुमारास गांव गोळा करून दोन्हीकडचीं कणसें तोलून दाखवावयाचीं. भिंतीवरील रंगविलेली अक्षरें नांव ओळखीचें करीत; पण तें खरें ठरे बांधावर. १९६६ च्या बियाणे कायद्यानें याला आणखी एक आधार दिला. पिशवीवर वाण, शुद्धता व उगवणशक्ति लिहिणें आलें. ज्वारीस शेंकडा ७५ आणि कापसास शेंकडा ६५ ही उगवणीची किमान मर्यादा ठरली. प्रमाणित बियाण्यास निळी चिठ्ठी लागूं लागली. विकणाऱ्याच्या शब्दास आतां कायद्याची मुद्रा मिळाली.

मात्र असें मिळविलेलें नांव कायमचें ठेव म्हणून राहात नाहीं. पहिल्या संकरित ज्वारीचा उतारा मोठा, पण ती लौकर पिके आणि उशिराच्या पावसांत तिचे दाणे काळे पडत. भाकरीस जुन्या ज्वारीची गोडी नाहीं व कडबा आंखूड, अशीहि तक्रार होती. गुरांसाठीं कडबा हवा असणाऱ्या शेतकऱ्यास नुसत्या दाण्याचा हिशेब पटत नसे. सत्तरीच्या दशकाच्या आरंभीं संकरित बाजरीवर गोसावी रोगाची मोठी सांथ आली. २००२ सालीं बोंडअळीस प्रतिकार करणारा बीटी कापूस देशांत प्रथम मंजूर झाला. ते पहिले तीन वाण महिकोचेच होते. तो वाऱ्यासारखा पसरला. आणि दीड दशकांत गुलाबी बोंडअळीनें त्याचीहि तटबंदी फोडली. २०१७ च्या हंगामांत महाराष्ट्राच्या कापूस पट्ट्यानें त्याची जबर किंमत मोजली. निसर्ग कोणत्याहि नांवाचा मुलाहिजा ठेवीत नाहीं. म्हणून प्रत्येक पेढीस दर हंगामीं नव्यानें उत्तर द्यावें लागतें.

दरम्यान १ मे १९८१ रोजीं जालना स्वतंत्र जिल्हा झाला होता. १९९८ सालीं बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्यापूर्वीं डॉ. स्वामिनाथन् व डॉ. कुरियन यांना तो लाभला होता. २००१ सालीं पद्मभूषण हा किताब आला. २४ जुलै २०१७ रोजीं त्यांचें निधन झालें. जालन्यांतील गणपति नेत्रालय ही त्यांच्या सार्वजनिक कार्याची खूण आहे. परंतु त्यांचें मोठें स्मारक म्हणजे मराठवाड्याच्या एका मोंढ्याच्या गांवास मिळालेली बियाण्याची राजधानी ही ओळख. एका पेढीमागून अनेक पेढ्या तेथें उभ्या राहिल्या.

आज त्याच जिल्ह्यांत एखादा तरुण रोपवाटिका, बियाण्याचें दुकान किंवा मोसंबीच्या विक्रीचा लहान धंदा काढतो, तेव्हां भिंत रंगविण्याआधीं तो मोबाईलवर आपल्या दुकानाचें पान उघडतो. छायाचित्रें, चलच्चित्रें, गिऱ्हाइकांचे अभिप्राय, सारें घटकाभरांत गांवोगांव पोंचतें. ‘किर्लोस्कर खबर’ला टपालानें जें अंतर तोडावयास दिवस लागत, तें आतां बोटाच्या स्पर्शानें तुटतें. यांत लाभ मोठा आहे, तसा धोकाहि आहे. कारण दुसऱ्याच्या शेतांतील हिरव्यागार पिकाचें चित्र आपल्या पानावर लावण्यास कांहींच खर्च येत नाहीं, आणि बनावट पिशवीवरहि सुंदर छपाई करतां येते.

म्हणून जाणता शेतकरी अद्यापि एक जुना नेम पाळतो. पेरणी झाल्यावर तो रिकामी पिशवी, तिची चिठ्ठी, दुकानदाराची पावती आणि मूठभर शिल्लक बियाणें एकत्र बांधून घरांत उंचावर ठेवून देतो. पीक पदरांत पडेपर्यंत तें गांठोडें सुटत नाहीं. ज्या नव्या व्यापाऱ्यास आपलें नांव करावयाचें आहे, त्यानें आपल्या दुकानाचें पान सजवितांना त्या गांठोड्याचें स्मरण ठेवावें. त्याचा खरा अभिप्राय तेथें बांधून ठेवलेला असतो, आणि तो दिवाळीच्या सुमारास वाचला जातो.