हलक्या टॅकलला चौथा क्रमांक द्यावा का? एका वजनाचा इतिहास

आजचा धागा किल्ल्यांचा नाही, तहांचाही नाही. तो आहे एका वजनकाट्याचा.

२९ एप्रिल २००६. स्थळ, न्यूयॉर्कचे रेडिओ सिटी म्युझिक हॉल. अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएल या लीगचा वार्षिक ड्राफ्ट सुरू आहे. न्यूयॉर्क जेट्स या संघाने आदल्या हंगामात सोळांपैकी अवघे चार सामने जिंकले आहेत. त्यांचा क्वार्टरबॅक चॅड पेनिंग्टन याच्या खांद्यावर एकाच वर्षात दोनदा शस्त्रक्रिया झाली आहे. निवडीचा चौथा क्रमांक जेट्सच्या हाती आहे आणि मॅट लाइनर्ट, जे कटलर हे नामांकित तरुण क्वार्टरबॅक अजून शिल्लक आहेत. अशा वेळी जेट्स नाव पुकारतात ते डिब्रिकशॉ फर्ग्युसन या ऑफेन्सिव्ह टॅकलचे. आणि या टॅकलविषयी गेले कित्येक महिने एकच आक्षेप घेतला जात होता: पोरगा हलका आहे.

आपल्याकडच्या वाचकांसाठी थोडे थांबून सांगतो. ड्राफ्ट म्हणजे आयपीएलसारखा लिलाव नव्हे. येथे पैशांची बोली लागत नाही. महाविद्यालयीन खेळाडूंमधून संघ क्रमाने एकेक जण निवडतात, आणि जो संघ आदल्या वर्षी सर्वांत दुबळा ठरला त्याची पाळी सर्वांत आधी येते. म्हणूनच पहिल्या चार-पाच क्रमांकांतली चूक फार महाग पडते. दुबळ्या संघाला वर येण्यासाठी मिळालेली ती शिडी असते, आणि ती मोडली तर पुन्हा वर्षभर वाट पाहावी लागते.

ऑफेन्सिव्ह टॅकल हा आक्रमक फळीच्या टोकाला उभा राहणारा रक्षक. डावीकडचा टॅकल विशेष मोलाचा, कारण उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ त्याच्या बाजूला असते. मागून येणारा हल्ला क्वार्टरबॅकला दिसतच नाही, तो टॅकलने थोपवायचा असतो. हल्लेखोर दोन वाटांनी येतो. एक तर बाहेरून वळसा घालून, वेगाने. नाहीतर सरळ छातीवर चालून, जोराने. हलक्या टॅकलविषयीची सारी भीती या दुसऱ्या वाटेची आहे. पाय कितीही चपळ असोत, समोरचा गडी त्याला उचलून क्वार्टरबॅकच्या अंगावर टाकील, ही ती भीती.

पण ‘हलका’ म्हणजे किती? इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे थबकावेसे वाटते, कारण या शब्दाचा अर्थ दर पिढीला बदललेला आहे.

पहिला ड्राफ्ट १९३६ साली झाला. त्या काळी खेळाडू बदलण्यावर बंधने होती, त्यामुळे तीच माणसे आक्रमणातही खेळत आणि बचावातही. अवजड देहाचा माणूस अशा खेळात दमून जाई, म्हणून वजनाला आपोआपच लगाम होता. १९५० मध्ये खेळाडू हवे तितके बदलण्याची मुभा कायमची मिळाली आणि तो लगाम सुटला. तरीही वजने एकदम चढली नाहीत. ग्रीन बे पॅकर्सचा फॉरेस्ट ग्रेग सुमारे २४९ पौंडांचा, म्हणजे ११३ किलोंचा होता. तो सलग १८८ सामने खेळला आणि १९७७ साली हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसला. आज त्या वजनाच्या मुलाला टॅकल म्हणून कोणी दारातही उभे करणार नाही.

खरे वळण १९७८ चे. त्या वर्षी नियम बदलले आणि पासचे रक्षण करणाऱ्या खेळाडूला हात पुढे पसरून, तळवे उघडे ठेवून प्रतिस्पर्ध्याला रोखण्याची परवानगी मिळाली. वरवर किरकोळ वाटणारा हा बदल आहे. पण त्यामुळे लांब हातांच्या भरदार माणसाला नवे मोल आले, पासचा खेळ वाढला, आणि पास वाढला तसा क्वार्टरबॅकवर तुटून पडणाऱ्यांचाही भाव वाढला. १९८१ मध्ये लॉरेन्स टेलर आला. १८ नोव्हेंबर १९८५ रोजी त्याच्या पकडीत वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमन याचा पाय मोडला, तो दूरचित्रवाणीवर साऱ्या देशाने पाहिला. थाइसमन पुन्हा कधी खेळला नाही. मधल्या काळात १९८० च्या ड्राफ्टमध्ये अँथनी मुन्योझ तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला होता. वजन सुमारे २७८ पौंड. त्याच्याविषयी संघांना शंका होती ती गुडघ्यांची, वजनाची नव्हे! अवघ्या पाव शतकानंतर त्याहून जड असलेला फर्ग्युसन हलका ठरला.

मग जड असणे हीच गुणवत्ता, असे वातावरण तयार झाले. १९८९ चा ड्राफ्ट या वातावरणाची परिसीमा होय. दुसऱ्या क्रमांकावर पॅकर्सनी मिशिगन स्टेटचा टोनी मँडरिच हा अजस्र टॅकल घेतला. त्याच्या आधी ट्रॉय एकमन निवडला गेला होता, त्याच्यानंतर अनुक्रमे बॅरी सँडर्स, डेरिक थॉमस आणि डिऑन सँडर्स. या पाचांतले चार हॉल ऑफ फेममध्ये आहेत. पाचवा कोण, हे सांगायला नको. तीन हंगामांनंतर पॅकर्सनी त्याला सोडून दिले. पुढे २००८ मध्ये मँडरिचने स्वतःच कबूल केले की महाविद्यालयात असताना तो स्टेरॉइड घेत होता. काट्याने जे मोजले ते वजन अगदी खरे होते; ते कशातून आले हे काटा सांगत नाही.

कोणताही दस्तऐवज हाती आला की आम्हाला पहिल्या सत्रात काही प्रश्न विचारायला शिकवतात: हा कोणी लिहिला, कधी लिहिला, कोणासाठी लिहिला? वजनाची नोंद हाही दस्तऐवजच आहे. सामन्याच्या पत्रिकेत छापलेले वजन वेगळे, ऐन हंगामातले वेगळे, आणि कंबाइनमधले आणखी वेगळे. कंबाइन म्हणजे सर्व संघांसमोर होणारी सामूहिक चाचणी. तेथे आपल्याला तोलले जाणार हे मुलांना महिनोन्‌महिने आधीपासून ठाऊक असते. फर्ग्युसन व्हर्जिनिया विद्यापीठात ३०० पौंडांच्या खालीच खेळत असे. कंबाइनमध्ये काट्याने ३१२ दाखवले. टीकाकार म्हणाले, हे वजन दिखाऊ आहे. समर्थक म्हणाले, पाहा, अंगावर वजन घेण्याची क्षमता आहे. एकाच आकड्याचे दोन अर्थ, आणि दोन्ही तर्कशुद्ध.

माझे मत असे की दोन्ही पक्ष चुकीच्या कागदावर भांडत होते. फर्ग्युसनविषयीचा विश्वासार्ह पुरावा काट्यावर नव्हताच. तो चार हंगामांच्या चित्रफितींत होता. व्हर्जिनियात तो पहिल्या वर्षापासून लेफ्ट टॅकल म्हणून खेळला आणि त्याने एकूण ४९ सामन्यांची सुरुवात केली. इतक्या सामन्यांत छातीवर चालून येणारे गडी त्याला शेकड्यांनी भेटले असणार. तो उचलला जाणारा असता तर ते तेथेच दिसले असते. शिवाय साडेसहा फुटांची उंची, लांब हात आणि ओढगस्तीने न वाढलेला सांगाडा. लहानपणी याच मुलाच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली होती, हेही येथे नोंदवून ठेवतो.

दुसरा मुद्दा पद्धतीचा. १९९० च्या दशकात डेन्व्हर ब्रॉन्कोसचे प्रशिक्षक अ‍ॅलेक्स गिब्स यांनी मुद्दाम हलकी, चपळ फळी उभारली. समोरच्याला मागे रेटायचे नाही, साऱ्या फळीने एका दिशेने सरकायचे आणि धावणाऱ्याने फट शोधायची, अशी ती रीत. (गुडघ्यांखाली झेपावण्याच्या त्यांच्या सवयीमुळे प्रतिस्पर्धी त्यांच्यावर दात खाऊन असत, आणि त्यात प्रतिस्पर्ध्यांचे फार चुकत होते असे मला वाटत नाही.) जानेवारी १९९८ च्या सुपर बोलमध्ये याच फळीसमोर पॅकर्सचा साडेतीनशे पौंडांच्या घरातला गिल्बर्ट ब्राउन उभा होता. डेन्व्हर ३१–२४ ने जिंकले आणि टेरेल डेव्हिसने १५७ यार्ड धाव घेतली. म्हणजे वजन ‘पुरेसे’ आहे की नाही, हे त्या माणसाकडून कोणते काम घ्यायचे यावर ठरते.

येथवर वाचून कोणी म्हणेल, तर मग हलका टॅकल डोळे मिटून घ्यावा. थांबा. यशस्वी झालेले हलके टॅकल आपल्याला आठवतात, बुडालेले आठवत नाहीत, म्हणून एक बुडालेला मुद्दाम समोर ठेवतो. २००९ मध्ये सेंट लुइस रॅम्सनी बेलर विद्यापीठाचा जेसन स्मिथ दुसऱ्या क्रमांकावर निवडला. मूळचा टाइट एंड, पाय अत्यंत चपळ, कंबाइनमधले वजन ३०९ पौंड. कागदावर फर्ग्युसनचा धाकटा भाऊच! परंतु टॅकल म्हणून त्याचा अनुभव बराच तोकडा होता. डोक्याला वारंवार इजा झाली, डावी बाजू हातची गेली, आणि २०१२ मध्ये रॅम्सनी त्याला चक्क जेट्सकडे धाडले. त्या एका हंगामात हे दोघे एकाच फळीत होते. स्मिथचा तो शेवटचा हंगाम ठरला. दोघांच्या वजनांत फरक होता तीन पौंडांचा.

आणि जडपणाने तरी हमी दिली का? २००२ मध्ये बफेलो बिल्सनी टेक्ससचा माइक विल्यम्स घेतला, ३७० पौंडांच्या आसपासचा. क्रमांक तोच, चौथा. चार हंगामांनी, म्हणजे फर्ग्युसनची चर्चा रंगात आली होती त्याच २००६ च्या सुरुवातीला, बिल्सनी त्याला नारळ दिला. जेट्स आणि बिल्स एकाच गटात खेळतात. शेजारच्या घरातला हा अनुभव जेट्सच्या कारभाऱ्यांना दिसत नसेल, हे संभवत नाही.

फर्ग्युसनचे पुढे काय झाले? दहा हंगाम, सलग १६० सामने, एकाही सामन्यात गैरहजेरी नाही. २००९ ते २०११ अशी तीन वर्षे प्रो बोलसाठी निवड. २००९ मध्ये जेट्सची धाव साऱ्या लीगमध्ये अव्वल होती. त्यांनी २००६ मध्येच पहिल्या फेरीत २९ व्या क्रमांकावर निक मॅनगोल्ड हा सेंटर घेतला होता. ही जोडी पुढची दहा वर्षे त्या फळीचा कणा राहिली.

मात्र या यशोगाथेला एक गडद किनार आहे. २०१५ च्या अखेरीस मेंदूच्या दुखापतींवरचा ‘कन्कशन’ हा चित्रपट पाहून फर्ग्युसनने स्वतः लेख लिहिला. ज्या धोक्याची पूर्ण कल्पना आपल्याला कधी दिली गेली नाही, त्याविषयी तो अस्वस्थ झाला होता. काही महिन्यांनी, वयाच्या ३२ व्या वर्षी, तो निवृत्त झाला. चौथ्या क्रमांकाचा हिशेब मांडताना आपण संघाच्या वहीत नफा लिहितो; खेळाडूच्या वहीत काय लिहिले गेले, ते ड्राफ्टच्या चर्चेत कोणी विचारत नाही.

जाता जाता एक तपशील. दहा वर्षांच्या कारकिर्दीत, दहा हजारांहून अधिक डावांमध्ये, फर्ग्युसन फक्त एका डावात मैदानाबाहेर होता. ते साल २००८, सामन्याचा अखेरचा क्षण. चेंडू हातोहात मागे फेकत पळण्याचा शेवटचा अगतिक प्रयत्न करायचा होता आणि त्यासाठी मैदानावर पळणारी माणसे हवी होती. म्हणून त्याला बाहेर बसवले गेले. त्या एका डावापुरता तो जड ठरला होता.