शोधगंगा खुली झाली, पण पाणी कोण पितंय?

बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. रीतसर मिळाली ती 1927 साली. प्रबंध कधीच लिहून झाला होता, पण तो छापून प्रती विद्यापीठात जमा केल्याशिवाय पदवी नाही, असा तिथला नियम. लंडनच्या पी. एस. किंग प्रकाशनाने तो 1925 मध्ये छापला. गरीब विद्यार्थ्याला हा नियम जाचकच. पण संशोधन कपाटात कुलूपबंद ठेवायचं नसतं, हा त्यामागचा विचार पक्का होता.

आपल्याकडे त्यासाठी 2009 उजाडलं. यूजीसीने प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत बंधनकारक केली आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने 'शोधगंगा' हे खुलं भांडार चालवायला घेतलं. त्याआधी वाशिमच्या पोराला अमरावती विद्यापीठातला प्रबंध वाचायचा तर अमरावती गाठावी लागे. आज मानोऱ्यात बसून तो मोबाइलवर फुकट उघडतो. ओळखपत्र नको, कुणाची शिफारस नको.

मग प्रश्न मिटला का? बोले ठराव 1923 चा. महाड नगरपालिकेने तळं खुलं केलं 1924 मध्ये, कागदावर. ओंजळ भरायला 20 मार्च 1927 यावा लागला.

इथे पहारेकरी दिसत नाही, एवढाच फरक. कितीतरी मराठी प्रबंध नुसते स्कॅन केलेले, नाहीतर युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधले. 'गायरान' टाकून शोधलं तर आतला मजकूर हाती लागत नाही. नेमकं शीर्षक किंवा संशोधकाचं नाव आधीच माहीत हवं. ते ज्याला माहीत असतं, तो बहुधा विद्यापीठातलाच असतो!

आणि हे संशोधन कुणावर होतं? आपल्या वस्त्यांवर. मी स्वतः एम.ए.ला असताना वस्तीतल्या मावश्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. माझा लघुप्रबंध त्यांना परत नेऊन वाचून दाखवला नाही. ही चूक माझीच.

नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने 'एक राष्ट्र एक सदस्यत्व' योजनेला तीन वर्षांसाठी 6,000 कोटी मंजूर केले. त्यातून नियतकालिकं उघडतात ती सरकारी संस्थांतल्या विद्यार्थी, प्राध्यापक, संशोधकांना. वस्तीत काम करणारा कार्यकर्ता त्यात कुठे आहे? म्हणून तर आपल्याला शोधगंगेसारखं सर्वांना खुलं भांडार हवं, आणि ते मराठीत शोधता येईल असं हवं.

आम्ही काही जण रविवारी विहारात बसून अशा प्रबंधांची यादी करतोय: विषय, जिल्हा, वर्ष आणि कायमचा दुवा, सगळं युनिकोड मराठीत. गायरानावरचे प्रबंध आधी घेतलेत. टायपिंग येणारे हात कमी पडतात. कारंजा, रिसोडकडच्या मित्रांनी यावं.

जय भीम.