दहा किलोमीटरची गाडी

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, की ज्याचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं त्याने विजेच्या गाडीच्या इतिहासावर बोलायचं कारण काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर आमच्या अंगणात ताडपत्रीखाली उभं आहे. बोरगाव मेघेतल्या आमच्या घरामागे लोखंडी चौकोनी पाइपांचा सांगाडा आहे. त्याला स्कूटरची चार चाकं, ई-रिक्षाची मोटर, चार बॅटऱ्या आणि दोन माणसांपुरतं बाक. शेजारचे दोन अभियांत्रिकीचे विद्यार्थी, वेल्डिंगचं दुकान चालवणारे एक मिस्त्री आणि आम्ही, अशा चौघांनी मिळून ती उभी केली. आम्ही काय केलं म्हणाल, तर चहा आणि शंका पुरवल्या.

सुरुवात मात्र लोखंडापासून झाली नाही, वहीपासून झाली. महिनाभर आम्ही घराबाहेर पडलेली प्रत्येक फेरी लिहून काढली. भाजी, बँक, डॉक्टर, वाचनालय, कुणाकडे तरी लग्नाची पत्रिका. बहुतेक फेऱ्या जाऊन-येऊन दहा किलोमीटरच्या आत. सगळ्यात लांबची सेवाग्रामची, तीही बावीसएक किलोमीटरची. आता हिशेब पाहा. दोन माणसं आणि बॅटऱ्या धरून साडेतीनशे किलोची गाडी सपाट रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरने न्यायला पाच-सहाशे वॉट पुरतात. कपड्यांची इस्त्री याहून जास्त वीज खाते! थांबणं, निघणं, मोटरमधली गळती हे सगळं धरलं तरी एका युनिटमध्ये पंचवीस-तीस किलोमीटर सहज होतात. म्हणजे ही गोष्ट अवघड नाही. मग ती इतक्या वर्षांत घरोघरी का झाली नाही?

त्यासाठी आपल्याला थोडं मागे जावं लागेल. फ्रान्समध्ये गास्तों प्लांतेने १८५९ मध्ये शिशाची, पुन्हा भरता येणारी बॅटरी केली. १८८१ मध्ये गुस्ताव त्रुवे नावाच्या कारागिराने बाजारात मिळणाऱ्या तीनचाकी सायकलीला मोटर आणि बॅटरी जोडून ती पॅरिसच्या रस्त्यावर चालवली. लक्षात घ्या, जगातली पहिल्या काही विजेच्या गाड्यांपैकी एक ही अशी जोडकामाचीच होती. कारखाने नंतर आले, आणि फार लवकर आले. १९०० साली अमेरिकेत चार हजारांहून थोड्या अधिक मोटारी तयार झाल्या. त्यात विजेच्या १,५७५, वाफेच्या १,६८१ आणि पेट्रोलच्या अवघ्या ९३६. शहरातले डॉक्टर, शहरातल्या स्त्रिया विजेची गाडी पसंत करत. हँडल फिरवून हात मोडून घ्यायची भीती नाही, धूर नाही.

पुढे काय झालं ते पाठ्यपुस्तकात असतं. तेल स्वस्त झालं, फोर्डची गाडी स्वस्त झाली, आणि १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंगने कॅडिलॅकला विजेचा स्टार्टर बसवला. गंमत बघा, विजेच्या गाडीला मागे टाकायला एका छोट्या विजेच्या मोटरनेच हातभार लावला. पण आमच्या मते खरा बदल वेगळ्याच ठिकाणी झाला. गावांना जोडणारे रस्ते सुधारले, आणि गाडीला विचारायचा प्रश्न बदलला. आधी प्रश्न होता, 'आज जिथे जायचं आहे तिथे ही नेईल का?' आता प्रश्न झाला, 'उद्या कधी वाटलंच तर ही कुठवर नेईल?' ज्या प्रवासाला आपण बहुधा निघणारच नाही, त्याच्या मापाने गाडी निवडायची सवय लागली. आमच्या विषयात प्रत्यक्ष आणि संभाव्य हा भेद पहिल्याच वर्षी शिकवतात. बाजाराने तो विद्यार्थ्यांपेक्षा बराच लवकर शिकून घेतला.

टंचाई आली की मात्र जुना प्रश्न परत येतो. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडे पेट्रोल मापून मिळे, आणि बसगाड्या कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालत. वर्ध्याला त्या काळाची एक आठवण जुने लोक सांगत. जमनालाल बजाजांकडच्या फोर्ड मोटारीला म्हणे बैल जुंपले होते आणि तिचं नाव पडलं होतं 'ऑक्सफर्ड'. वर्धा ते सेवाग्राम अंतर आठ किलोमीटर, त्याला बैल पुरतात! तिकडे जपानमध्ये युद्धानंतर तेल नव्हतं, वीज होती. पूर्वी विमानं बनवणाऱ्या मंडळींनी १९४७ मध्ये 'तामा' नावाची विजेची गाडी काढली. वेग ताशी ३५, एका भरणीत साठ-पासष्ट किलोमीटर, आणि बॅटऱ्यांचा खोका बाजूने ओढून बदलता येई. कोरियाच्या युद्धात शिसं महागलं, पेट्रोल मिळू लागलं, आणि तामा संपली.

आता वर्ध्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो. वरवर ती गाडीची नाही, पण आम्हाला ती इथे फार महत्त्वाची वाटते. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. एक लाख, त्या वेळचे! त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हाताने किंवा पायाने चालावं, खेड्यातल्या बाईला ते आठ तास फार न दमता चालवता यावं, किंमत १५० रुपयांच्या वर नसावी, ते वीस वर्षं टिकावं, आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त नसावा. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पण यंत्राची व्याख्या वापरणाऱ्याच्या बाजूने कशी करावी याचा यापेक्षा चांगला नमुना आम्हाला माहीत नाही. इथे वेग आणि उत्पादन आहे, पण त्यांच्याबरोबरीने दुरुस्तीही आहे. पुढे १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ वर्ध्याला मगनवाडीत आला, कुमारप्पा आले, १९३८ मध्ये मगन संग्रहालय उघडलं. या गावाच्या हवेत तो प्रश्न बराच काळ होता.

आणि याच गावच्या बच्छराजांच्या नावाने १९४५ मध्ये बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन सुरू झालं, तीच पुढे बजाज ऑटो. आधी परदेशी स्कूटरी आणून विकल्या, मग इथेच बनवल्या. १९७२ पासून चेतक आपल्या घरासमोर उभी राहिली, आणि २०१९ मध्ये तेच नाव विजेच्या स्कूटरला मिळालं. हे काही आम्ही टोमणा म्हणून सांगत नाही. आमची पहिली नोकरी, लग्न आणि मुलांच्या शाळा त्या चेतकवरच झाल्या.

पण महाराष्ट्रात लहान अंतराच्या विजेच्या गाडीचा विचार ज्यांनी मुळापासून केला ते बजाजांच्या कारखान्यात नव्हते. ते होते साताऱ्याच्या फलटणला. बनबिहारी निंबकरांनी तिथे १९६८ मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. (त्यांच्या पत्नी जाई निंबकर म्हणजे इरावती कर्व्यांच्या कन्या, हे जाता जाता.) संस्था शेतीची, काम करडईचं, शेळ्या-मेंढ्यांचं. तिथे १९८१ मध्ये अनिल राजवंशी नावाचे तरुण इंजिनिअर आले. आयआयटी कानपूरचे, फ्लोरिडा विद्यापीठातून सौरऊर्जेत डॉक्टरेट केलेले. अमेरिका सोडून फलटणला येणं म्हणजे काय, हे ज्यांनी तेव्हाचं फलटण पाहिलंय त्यांनाच कळेल.

नव्वदच्या दशकात त्यांच्या गटाने सायकलरिक्षा हातात घेतली. इथे त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. थेट मोटर बसवली नाही. आधी पाहिलं की रिक्षाला गिअर नाहीत, ब्रेक आहे तो फक्त पुढच्या चाकाला, सांगाडा विनाकारण जड, आणि टप असा की वारा अडतो. म्हणजे माणसाची निम्मी ताकद गाडीच्या मूर्खपणावर खर्च होते. मग त्यांनी तीन गाड्या केल्या. एक सुधारलेली पायडलची, एक पायडलला मोटरची मदत देणारी, आणि तिसरी पूर्ण विजेची, तिचं नाव 'इलेक्शा'. २००२ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात यावर त्यांचा लेख आला. मुद्दा सरळ होता. गावातले रस्ते अरुंद, अंतरं लहान, वेग मुळातच कमी. तिथे धूर ओकणाऱ्या तीनचाकीपेक्षा ही गाडी योग्य, आणि चालवणाऱ्याचा रोजगारही राहतो. त्याच सुमारास, २००१ मध्ये, राजवंशींना ग्रामीण भागासाठीच्या विज्ञानाचा जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. पुढे २०२२ मध्ये पद्मश्री. सन्मान झाले, इलेक्शा मात्र मोठ्या संख्येने रस्त्यावर आली नाही.

दुसरीकडेही तेच चाललं होतं. केरळात चालकुडीच्या एका कंपनीने १९९३ मध्ये 'लव्हबर्ड' ही दोन आसनी विजेची गाडी दाखवली, ती थोडीच विकली गेली. बंगळुरूची 'रेवा' २००१ मध्ये आली. लोक तिला हसले, पण ती टिकली त्यातल्या त्यात. काठमांडूत मात्र काही वेगळं घडलं. १९९३ मध्ये तिथे डिझेलच्या विक्रम टेम्पोचं इंजिन काढून बॅटरी बसवली गेली, 'साफा टेम्पो' झाला, आणि काही वर्षांत असे सहाशेच्या आसपास टेम्पो धावू लागले. मार्ग ठरलेले आणि लहान, बॅटरी बदलायची ठिकाणं ठरलेली, आणि १९९९ मध्ये सरकारने डिझेलच्या विक्रमना शहरात बंदी केली. गाडी आणि गाव एकमेकांच्या मापाचे झाले तर काय होतं ते इथे दिसतं.

आपल्याकडे ई-रिक्षा आली ती फलटणच्या वाटेने आली नाही. चीनहून सुटे भाग आले, गल्लीतल्या शेडमध्ये जोडले गेले, आणि दिल्लीत हजारो गाड्या नोंदणीशिवाय धावू लागल्या. ब्रेक कसले, दिवे कसले, कोण विचारतो! जुलै २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या बंद केल्या. पण तोवर त्यांच्यावर इतक्या घरांची चूल पेटत होती की सरकारला वाट काढावी लागली. २०१५ मध्ये मोटर वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन ई-रिक्षाला जागा मिळाली. आम्हाला हे अजून पचत नाही. ज्यांनी मोजून-मापून, ब्रेकचा विचार आधी करून गाडी केली, त्यांना जागा नव्हती. ज्यांनी विचार न करता आधी रस्ता भरून टाकला, त्यांच्यासाठी कायदा सरकला. आमचे विद्यार्थी याला वास्तववाद म्हणतील. आम्ही त्याला अन्याय म्हणतो, आणि दोन्ही शब्द एकाच वेळी खरे असू शकतात.

मग एकट्या माणसाचं काय? सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे म्हणून गाव आहे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या एका कारागिराने भंगारातून, साठेक हजारांत, मुलाच्या हट्टासाठी चारचाकी बनवली. विजेची नव्हे, दुचाकीच्या इंजिनाची, किक मारून चालू होणारी. २०२१ च्या डिसेंबरमध्ये तिची चित्रफीत देशभर फिरली. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, आणि सोबत हेही म्हटलं की ही नियमांत बसत नाही, आज ना उद्या रस्त्यावरून थांबवली जाईल. म्हणून त्या गाडीच्या बदल्यात बोलेरो देऊ केली, आणि तिला कंपनीच्या संशोधन केंद्रातल्या संग्रहात जागा. देणाऱ्याचं मन मोठं होतं, यात शंका नाही. पण घडलं काय ते नीट पाहा. हाताने केलेली गाडी संग्रहात जाणार, आणि करणाऱ्याच्या दारात कारखान्याची गाडी.

आमच्या गाडीचीही तीच अडचण. कायद्याप्रमाणे मोटर पाव किलोवॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ च्या आत असेल, आणि तसं तपासून झालं असेल, तर बॅटरीचं वाहन 'मोटर वाहन' धरलं जात नाही. ही सवलत सायकलीच्या जातीच्या गाडीला पुरते. चार चाकं आणि दोन माणसं म्हटलं की मघाशी सांगितलेले पाच-सहाशे वॉट लागतातच. मग नमुन्याची मान्यता हवी, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची चाचणी हवी. ती व्यवस्था हजारो गाड्या काढणाऱ्यासाठी आहे, एकच काढणाऱ्यासाठी नाही. पोरं चौकशीला गेली होती. खिडकीमागचे गृहस्थ सौजन्याने बोलले. अर्जात निर्मात्याच्या नावाचा रकाना आहे. पोरांनी विचारलं, 'इथे आमची नावं चालतील का?' ते हसले, आणि पोरंही हसत परत आली, पण धाकटा त्या दिवशी जेवला नाही असं त्याची आई म्हणाली.

राग आम्हालाही आला होता. तो मिस्त्रींनी उतरवला. पहिल्यांदा गाडी कॉलनीत फिरली तेव्हा आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो, आणि ते पान चघळत बाजूला उभे. म्हणाले, 'सर, चालन तं ते. पण थांबन काय? समोर पोट्टं आलं मंग?' तो प्रश्न सरकारच्या खिडकीतून आला असता तर आम्ही वाद घातला असता. गाडी करणाऱ्याच्याच तोंडून आला, म्हणून गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी मोजलं. ताशी २० च्या वेगातून थांबायला तिला अकरा मीटर लागले, आणि ती डावीकडे ओढत होती.

तेव्हापासून ती रस्त्यावर नेली नाही. मेच्या उन्हात, पारा पंचेचाळीसच्या वर असताना, दोन बॅटऱ्यांचं पाणी आटलं आणि त्या बसल्या. शिशाच्या बॅटरीला आमचा उन्हाळा मानवत नाही. सध्या सांगाडा उलटा करून ठेवलाय. मिस्त्री पुढच्या चाकांना मोटरसायकलचे डिस्क ब्रेक बसवताहेत, आणि पोरं वहीत रोज एक आकडा लिहितात. कालचा आकडा सात मीटर होता.