बर्फघराची भिंत

पाणी उंचावरून सखल भागाकडे धांवतें, त्याप्रमाणें उष्णता तप्त वस्तूकडून शीत वस्तूकडे धांव घेते. घर थंड राखावयाचें तर प्रथम ही धांव रोखली पाहिजे. हा धडा १९ व्या शतकांतील बर्फाच्या व्यापाऱ्यांनीं चांगलीच किंमत देऊन शिकला.

अमेरिकेंतील बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर यानें इ. स. १८०६ सालीं गोठलेल्या तळ्याचा बर्फ जहाजांत भरून वेस्ट इंडीजमधील मार्टिनीक बेटावर पाठविला. जहाज सुखरूप पोंचलें. परंतु तेथें बर्फ सांठविण्याजोगी इमारतच नव्हती. डोळ्यांदेखत मालाचें पाणी झालें व ट्यूडरला मोठी खोट आली. पुढें १८१६ सालीं हवाना येथें त्यानें दुहेरी भिंतींचें बर्फघर उभारलें आणि दर तासास किती पाणी ठिबकतें, हें तो घड्याळ हातीं घेऊन मोजूं लागला. या मोजणींत मोठें मर्म होतें. एक किलो बर्फ वितळण्यास जितकी उष्णता लागते, तितक्या उष्णतेनें एक किलो पाणी शून्यापासून ८० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापेल. म्हणजे ठिबकणारें पाणी हा भिंतींतून आंत शिरलेल्या उष्णतेचा चोख हिशेबच होता.

भिंतींमधील पोकळींत लाकडाच्या भुशासारखे पदार्थ भरले कीं, त्यांच्या कणांत हवा अडकून पडते. स्थिर हवा उष्णतेची अत्यंत मंदवाहक आहे. खरा पहारा तीच करते. १८३३ सालीं ‘टस्कनी’ जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघालें. बर्फाभोंवतीं फळ्या व चामडें कमावण्याच्या सालीचा वाळलेला भुगा यांचें जाड आवरण होतें. विषुववृत्त दोनदां ओलांडून चार महिन्यांनीं तें कलकत्त्यास लागलें, तेव्हां सुमारें १०० टन बर्फ शिल्लक होता! पुढें मुंबईंत व मद्रासेसही बर्फघरें झालीं. मद्रासचें १८४२ सालचें बर्फघर विवेकानंद-भवन या नांवानें आजही समुद्रकिनाऱ्यावर उभें आहे.

जी भिंत उष्णतेला आंत येऊं देत नाहीं, तीच ती बाहेरही जाऊं देत नाहीं. १९७३ सालीं तेलाचे भाव भडकल्यानंतर थंड देशांना या गुणाची निकड भासली. कॅनडांतील रिजायना येथें १९७७ सालीं एक प्रायोगिक घर बांधण्यांत आलें. त्याच्या उष्णतारोधक भिंती सुमारें एक फूट जाडीच्या होत्या. फटी कसोशीनें बुजविल्या होत्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आंत येणाऱ्या ताज्या हवेस देण्याची योजना होती. त्यामुळें तेथील कडक हिंवाळ्यांतही नेहमीच्या भट्टीची गरज उरली नाहीं.

उष्ण प्रदेशांत मात्र अजून यंत्रावरच भिस्त असते. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रीं तीच उष्णता खालच्या खोलींत सोडतो. एअरकंडिशनर ती पुन्हा बाहेर उपसत राहतो आणि विजेचा मीटर फिरत राहतो. छपराला आवरण न घालतां यंत्रच वाढवीत जाणें म्हणजे मार्टिनीकच्या उन्हांत बर्फाची नवी खेप उतरविणें होय.