कात्री, फीत आणि नकोसे चित्रण

घरगुती चित्रीकरणाचा इतिहास बहुधा कॅमेऱ्यांच्या अंगाने लिहिला जातो. कोणत्या साली कोणते यंत्र आले, ते किती हलके होते, किती स्वस्त झाले, असा. त्या चित्रीकरणातून काय टाकून दिले गेले आणि कोणत्या रीतीने, हा प्रश्न आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. गेल्या दिवाळीत माळ्यावरच्या व्हिडिओ कॅसेटी संगणकावर उतरवून घेताना तो आम्हां भावंडांपुढे उभा राहिला.

कोडॅक कंपनीने १९३२ साली हौशी लोकांसाठी आठ मिलिमीटरची फिल्म बाजारात आणली. रीळ पंचवीस फुटांचे, रुंदी मात्र सोळा मिलिमीटर. अर्ध्या रुंदीवर चित्रण झाले की रीळ काढून उलटे घालायचे आणि उरलेली अर्धी बाजू वापरायची. धुऊन झाल्यावर फिल्म मधोमध उभी चिरून दोन्ही पट्ट्या एकापुढे एक जोडत. एवढ्या खटाटोपातून हाती येत ती जेमतेम चार मिनिटे. त्यामुळे निवड कळ दाबण्यापूर्वीच होई. मुलाचा वाढदिवस टिपला जाई, त्याचे रोजचे जेवण नाही. शिवाय या फिल्मला सहसा निगेटिव्ह नसे. कॅमेऱ्यात जी फिल्म फिरली तीच धुऊन पडद्यावर दाखवायची. म्हणजे कात्री चाले ती अस्सल प्रतीवरच, आणि टोपलीत पडलेला तुकडा कायमचा गेला.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस शहरात अब्राहम झाप्रुडर या कपड्यांच्या व्यावसायिकाने केनेडी यांच्या हत्येचे चित्रण केले, ते अशाच रिळावर. सव्वीस सेकंद, ४८६ चौकटी. त्या फिल्मपोटी १९९९ साली अमेरिकी सरकारला झाप्रुडर कुटुंबास १ कोटी ६० लाख डॉलर द्यावे लागले. त्याच रिळाच्या पहिल्या बाजूवर त्यांच्या घरातली साधी दृश्ये होती. जगाच्या लेखी ती नकोशी ठरली, यात नवल नाही. पण त्या दिवशी सकाळपर्यंत रीळ खरेदी केल्याचे कारण तीच होती.

चुंबकीय फीत आली आणि हा हिशेबच पालटला. व्हीएचएस पद्धती जपानमध्ये १९७६ साली आली. आपल्याकडे १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरदर्शनाबरोबर व्हीसीआर घराघरांत दिसू लागले. फीत तासन्‌तास चाले, आणि मुख्य म्हणजे पुसून पुन्हा वापरता येई. कापण्याची जागा पुसण्याने घेतली. कापलेला तुकडा निदान काही काळ टोपलीत तरी दिसतो; पुसलेल्याची खूणही उरत नाही. या मोहातून मोठमोठ्या संस्थाही सुटल्या नाहीत. बीबीसीने आपल्या जुन्या कार्यक्रमांच्या फिती पुसून वापरल्या. चंद्रावर माणूस उतरला त्या वेळच्या मूळ फितीही बहुधा पुसल्या गेल्या असाव्यात, असे नासाने २००९ साली मान्य केले. मग लग्नाचे शूटिंग करणाऱ्याने कच्ची कॅसेट पुढच्या लग्नाला वापरली, तर त्याला दोष कोणी द्यावा? कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकची एक चिमुकली पट्टी असे. ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा मुद्रण होत नसे, आणि मोडलेल्या जागी सेलोटेप चिकटवला की पुन्हा होई! स्मृती आणि विस्मृती यांत तेवढेच अंतर होते.

या संपादनाला आमच्याकडे 'मिक्सिंग' म्हणत. एका यंत्रावर कॅसेट लावायची, दुसऱ्यावर हवे तेवढे उतरवायचे, मध्ये बदामाच्या आकाराच्या चौकटी आणि सिनेमातली गाणी घालायची. मूळ आवाज त्या गाण्यांखाली गाडला जाई. प्रत्येक नकलेगणिक चित्र फिकट होई ते वेगळेच.

आमच्या थोरल्या ताईचे लग्न १९९६ सालचे. काय ठेवावे आणि काय गाळावे याची यादी वडीलधाऱ्यांनी सांगितली आणि अक्षर बरे म्हणून आमच्यापैकी एकाने, तेव्हा नववीत असताना, ती लिहून काढली. सीमांतपूजन, मंगलाष्टका, सप्तपदी, पाठवणी हे 'घ्यावे'. 'फालतू काढावे' या सदरात मांडवामागची ये-जा, पंगतीची तयारी, स्वयंपाकघर. ही कच्ची कॅसेट वाचली ती केवळ बाबांच्या काटकसरीमुळे: तिचे पैसे आपण दिले आहेत, म्हणून त्यांनी ती शूटिंगवाल्याकडून मागून घेतली होती.

मिक्सिंग केलेल्या कॅसेटमध्ये आमच्या मोठ्या काकू कोठेच नाहीत. त्या तरुणपणीच विधवा झाल्या होत्या. हळदीला, औक्षणाला त्या पुढे येत नसत आणि त्यांना कोणी बोलावीतही नसे. कॅमेरा जेथे जेथे होता तेथे त्या नव्हत्या. कच्च्या कॅसेटमध्ये मात्र अडीच मिनिटे आहेत: शूटिंगवाला चहासाठी मागच्या पडवीत गेला असावा, कॅमेरा चालूच राहिला, आणि काकू परातीपुढे बसून लाडू वळता वळता कोणाला तरी मीठ कमी असल्याचे सांगत आहेत. त्यांचा आवाज आमच्याजवळ एवढाच आहे. त्यांना कोणी मुद्दाम गाळले असे म्हणता येणार नाही. यादीत त्यांचे नाव कोठेही नव्हते. फक्त सदरे तशी पाडलेली होती.

१९९५ नंतर मिनी-डीव्ही फिती आल्या, १९९९ साली आयमूव्ही आणि पुढल्या वर्षी मूव्ही मेकर. मूळ फाइलला हात न लावता संपादन करणे घरच्या घरी शक्य झाले. पण तासाभराच्या चित्रणाला सुमारे १३ गिगाबाइट लागत आणि त्या काळच्या डिस्कचा जीव लहान, त्यामुळे पुसणे चालूच राहिले. आज जागेची तेवढी अडचण नाही. आता अडचण आहे ती पाहायला लागणाऱ्या वेळेची. बाराव्या कॅसेटला आम्हीही थकलो, आणि कोणाचे तरी नुसते पाय दिसणारी चाळीस मिनिटे पुसून टाकली.

लाडवांचा तो तुकडा वेगळा काढून ताईला पाठवला. तिने तो दोनदा पाहिला आणि म्हणाली, "काकू डावखुऱ्या होत्या, हे मी विसरूनच गेले होते."

त्या कॅसेटच्या मागची पट्टी अजून शाबूत होती. ती आम्ही त्याच दिवशी मोडली.